चूक कोणाची यावर वाद असेल, तर गाड्या हलवण्याआधी हे फोटो घ्यावेत

किरकोळ टक्कर झाली आणि दोन्ही चालक एकमेकांकडे बोट दाखवू लागले, की विमा कंपनीपुढे एकाच्या शब्दाविरुद्ध दुसऱ्याचा शब्द एवढेच उरते.

कोणाला दुखापत झालेली नाही आणि रहदारीचा धोका नाही याची खात्री करून, दहा-पंधरा पावले मागे जाऊन असा फोटो घ्यावा, ज्यात दोन्ही गाड्या, रस्त्यावरचे पट्टे आणि सिग्नल एकत्र दिसतील. बहुतेक जण केवळ चेपलेल्या बंपरचा फोटो काढतात. त्यावरून नुकसान कळते, टक्कर कशी झाली ते कळत नाही. पुढची चाके कोणत्या बाजूला वळलेली आहेत आणि फुटलेल्या दिव्याच्या काचा नेमक्या कुठे पडल्या आहेत, हे अवश्य टिपावे, कारण कोण वळत होते आणि धडक कुठे बसली याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. डॅशकॅम असल्यास त्यातले चित्रण त्याच दिवशी दुसरीकडे उतरवून ठेवावे, कारण जुन्या चित्रणावर नवे चढत जाते. समोरच्या गाडीचा क्रमांक, तिच्या विम्याचा तपशील आणि साक्षीदाराचा फोन क्रमांकही घ्यावा.

स्वतः दावा करायचा नसला तरी घटनाक्रम लिहून विमा कंपनीला लगेच कळवावे; समोरची व्यक्ती काही दिवसांनी आपल्यावर दावा दाखल करू शकते.

मात्र घटनास्थळी केवळ सौजन्यापोटीसुद्धा ‘चूक माझी’ असे म्हणू नये आणि तसे लिहून तर मुळीच देऊ नये.