घरात भारी बसलेला बूट पाण्यात का सुटतो? स्लॅलम स्कीचं सामान घेताना या चुका टाळा

भाच्याने पार्सल फोडलं, हॉलमध्ये गादी टाकून त्यावर स्की ठेवली, बूट घातला आणि उभा राहून मला व्हिडिओ कॉल. "मामा, काय भारी बसू राहिला, कुठंच आवळत नाही!" मी इकडे कपाळाला हात लावला. स्लॅलमचा, म्हणजे बोटीमागं दोर धरून एकाच स्कीवर पाण्यावरून जायच्या खेळाचा, बूट कुठंच आवळत नसेल तर समजायचं की तो एक नंबर मोठा आलाय, आणि पैसे तर देऊन बसलेलो.

थोडं सांगतो म्हणजे कळेल मी कोणत्या तोंडाने सल्ले देऊ राहिलो. मस्कतला नोकरीला होतो तेव्हा तिथं वॉटर स्की शिकलो, आधी दोन स्कीवर, मग एका. आता भुसावळला परत आलोय. इकडे हा खेळ कुणी बघितलेलाच नाही, एका पाटीवर उभं राहून बोटीमागं डावी-उजवीकडं कापत जायचं म्हटलं की लोक हसतात. आम्ही चौघं आहोत, एका मित्राची ९० हॉर्सपॉवरची आउटबोर्ड बोट आहे, रीतसर परवानगी काढून वर्षातून चार-सहा वेळा बॅकवॉटरला जातो. सहा बोयांचा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या गोळ्यांचा, कोर्स वगैरे आमच्याकडं नाही, नुसतं मोकळ्या पाण्यात. मोठ्या स्पर्धेत पुरुषांसाठी बोट ताशी ५८ किलोमीटरपर्यंत आणि बायकांसाठी ५५ पर्यंत पळते, पहिला दोर १८.२५ मीटरचा असतो आणि मग तो टप्प्याटप्प्याने लहान करत जातात. आमचा त्याच्याशी संबंध नाही. पण सामान तेच लागतं, आणि खरं सांगू, बोट कमी ताकदीची असली की सामानातली चूक जास्त नडते, कारण पाण्यातून उठायला वेळ लागतो, तेवढा वेळ माणूस नुसता फरफटत राहतो आणि ढिला बूट, मोठा ग्लोव्ह सगळे तिथंच उघडे पडतात.

आधी बूट, कारण पाय मोडला तर बाकी सगळं राहिलं बाजूला

पहिली चूक नंबरची. आपल्या दुकानात मिळणारा ८ नंबर हा ब्रिटिश मापाचा असतो. स्कीचे बूट, म्हणजे बाइंडिंग, बहुतेक अमेरिकन मापात येतात आणि पुरुषांचं अमेरिकन माप साधारण एक नंबर पुढं असतं. बायकांचं अमेरिकन माप अजून वेगळं. म्हणून नंबर विसरा, पाय सेंटीमीटरमध्ये मोजा. संध्याकाळी मोजा, दिवसभर उभं राहून पाय थोडा फुगलेला असतो तेव्हा. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, अंगठ्यापुढं पेन्सिलची रेघ मारायची, दोन्ही पाय मोजायचे (माझा डावा अर्धा सेंटीमीटर मोठा निघाला, चाळीस वर्षं पत्ता नव्हता) आणि कंपनीच्या तक्त्यात बघायचं.

तक्त्यात ८ ते १२ असं लिहिलेलं दिसलं की लोक खुश होतात, चला घरात सगळ्यांना चालेल. चालेल हो, पण ज्याचा पाय त्या रेंजच्या खालच्या टोकाला आहे त्याला नाही. लेस ओढून बूट आजूबाजूने आवळता येतो, लांबीला कमी होत नाही. पाय आत पुढं-मागं सरकतच राहणार. चौघांत एक बूट हा प्रयोग आम्ही करून बसलोय, कुणालाच धड बसला नाही.

मग बरोबर बसला हे ओळखायचं कसं? बूट आणि पाय दोन्ही ओले करा. पाय घाला, लेस ओढा, आणि कुणाला तरी स्कीची शेपटी दाबून धरायला सांगा. आता गुडघा पुढं वाकवत न्या, अगदी पायाच्या बोटांच्या पुढं जाईल एवढा. टाच तळापासून सुटली? मोठा आहे. आत नखाएवढी हलली तर ठीक, पण बोट घालता येईल एवढी उचलली तर तो बूट परत करा. आणि आवळणं वेगळं, टोचणं वेगळं. सगळीकडून सारखा आवळला पाहिजे. एकाच जागी, घोट्याच्या हाडावर किंवा करंगळीवर टोचत असेल, बोटं बधिर पडत असतील, तर तो आकार तुमच्या पायाचा नाही.

टाचेचं एवढं का लावून धरलंय, तर पुढं तोंडावर पडताना पाय एकतर पूर्ण बाहेर यायला पाहिजे नाहीतर पूर्ण आत राहायला पाहिजे. टाच बाहेर आली आणि पंजा आत अडकला की स्की पिळते आणि तो पीळ घोट्यात जातो. दोन्ही पायांना पूर्ण बूट असतील तर अजून एक भानगड, एक सुटला आणि दुसरा अडकलेला राहिला की अडकलेल्या पायाला ती लांब पाटी लिव्हरसारखी फिरवते. म्हणून पुढचा एकदम घट्ट आणि मागचा ढिला, किंवा पुढं सुटणाऱ्या क्लिपचा कडक बूट आणि मागं जुना रबराचा टाइट बूट, असली जोडाजोडी आपल्या मनाने करू नका. क्लिपचे कडक बूट मुळातच जुन्या खेळाडूंचं काम, ती क्लिप किती ताणावर सुटावी ते जुळवावं लागतं आणि त्याचा अंदाज नवख्याला येत नाही.

नवख्याने पुढं एक रबर किंवा मऊ बूट आणि मागं फक्त पट्टा घ्यावा, ज्याला मागचा टो प्लेट म्हणतात. मागचा पाय चपलेसारखा सरकवायचा. फायदा असा की दोन स्कीवर उठून एक सोडून द्यायची आणि मग सावकाश पाय पट्ट्यात घालायचा, हे जमतं. दोन्ही बूट असतील तर पाण्यातच दोन्ही पाय अडकवून खोल पाण्यातून उठावं लागतं. आमच्या ९० च्या बोटीमागं ते म्हणजे विहिरीतून म्हैस काढण्यातला प्रकार. आता यावर वाद आहे, काही लोक म्हणतात पहिल्यापासून दोन बूट घाल म्हणजे सवय लागते. त्यांच्याकडं बोट मोठी असते.

आणि हो, पुढचा पाय कोणता ते ठरवल्याशिवाय ऑर्डरच करू नका. मागून धक्का दिला की जो पाय पुढं पडतो तो पुढचा, हे सगळे सांगतात, पण धक्का बसणार हे माहीत असलं की माणूस पाहिजे तो पाय टाकतो. त्यापेक्षा दोन स्कीवर चालू असताना आळीपाळीने एकेक स्की दोन बोटं वर उचलून बघा. ज्या पायावर निवांत उभं राहता आलं तो पुढं. बाकी तुम्ही उजवे का डावरे याच्याशी त्याचा संबंध नाही.

लेसचं थोडक्यात. खालची लेस घट्ट, वरची, घोट्यापाशी, जरा कमी. वर फार आवळली की घोटा पुढं वाकत नाही, घोटा वाकला नाही की माणूस मागं बसतो, मागं बसला की स्कीचं नाक वर येतं आणि वळताना पाणी सोडतं. मग तो म्हणतो स्की खराब आहे.

खोबरेल तेलाची गोष्ट

टाइट बूट कोरड्या पायात जात नाही. भाच्याने काय केलं, आजीच्या खोलीतून खोबरेल तेलाची बाटली उचलली. पाय सर्रकन गेला, तेवढ्यापुरतं काम झालं. संध्याकाळी बूट काढला तर आतून चिकट, त्यावर काठाची सगळी रेती बसलेली, भजी तळायच्या पिठात घोळवल्यासारखी. दोन-तीन ट्रिपमध्ये रबराची कड फुगून मऊ पडली. रबराला तेल चालत नाही, खोबरेल नाही, व्हॅसलीन नाही, ग्रीस तर नाहीच. भांडी घासायचं लिक्विड चमचाभर, बाकी पाणी, स्प्रेच्या बाटलीत भरून बोटीत ठेवायचं. बस. आणि बूट घालताना वरच्या पातळ रबराला नखं रोवून ओढायचं नाही, मागच्या लूपला धरायचं, नाही तर तिथूनच फाटतो.

स्क्रूची चूक दोन्ही बाजूंनी होते. कुणी बघतच नाही, आणि मग एक दिवस प्लेट डुगडुगते. कुणी बॅटरीवाल्या ड्रिलने घर्रर्र करून आवळतो आणि स्कीमधला धातूचा आटा फिरवून ठेवतो, तो एकदा गेला की काम वाढलं. हाताने, साध्या स्क्रू ड्रायव्हरने, सगळे थोडे थोडे, गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसे समोरासमोर. दर वेळी पाण्यात जायच्या आधी. स्टीलचे जादा चार स्क्रू डब्यात ठेवा, कारण हार्डवेअरच्या दुकानात त्या आट्याचा मिळेलच असं नाही.

बूट स्कीवर पुढं-मागं कुठं बसवला यानेही खेळ बदलतो. पुढं नेला की नाक पाण्यात जास्त राहतं, वळण लवकर होतं पण ब्रेक लागल्यासारखं वाटतं. मागं नेला की नाक वर. आधी कंपनी सांगते तिथंच बसवा, शेपटीपासून टाचेपर्यंतचं माप टेपने घेऊन स्कीवर मार्करने लिहून ठेवा, मग हलवायचं तर एकेक भोक. आमच्यातल्या एकाने एकाच सकाळी बूट हलवला, लेस बदलली आणि दोरही लहान केला, आणि पडायला लागला तर आता कशामुळं पडतोय ते देवाला माहीत.

ग्लोव्हज

बाइकचे ग्लोव्हज चालतील का, जिमचे चालतील का, क्रिकेटचे इनर? हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय. नाही चालत. बाइकच्या ग्लोव्हला तळव्यात गादी असते. ती गादी दोराच्या हँडलवर गुंडाळली की हँडल तेवढं जाड झालं, जाड हँडल धरायला जास्त जोर लागतो आणि दोन फेऱ्यांत कोपरापासून मनगटापर्यंत हात दगड होतात. जिमच्या ग्लोव्हमध्ये बोटं उघडी, तिथंच फोड येतात. स्कीचा ग्लोव्ह तळव्यात पातळ आणि चिवट असतो, बोटं आधीच थोडी वाकवून शिवलेली असतात.

आणि तो लहानच घ्यायचा. घालून मूठ वळा, झाडूचा दांडा धरा. तळव्यात कापडाची वळी पडली तर मोठा आहे, तीच वळी ओढ लागल्यावर चामडी सोलते. ओला झाल्यावर तो अजून सैल पडतो हे धरून चाला. बोटांच्या टोकाला कापड उरायला नको. मनगटाचा पट्टा मात्र रुंद आणि घट्ट पाहिजे, नाही तर पाणी शिरून पूर्ण ग्लोव्ह हातातून उलटा निघतो, झालंय आमच्याकडं, हँडलबरोबर ग्लोव्ह बोटीमागं आणि माणूस पाण्यात. अंगठी काढून ठेवा, लग्नाची असली तरी, बायको समजून घेते.

तळव्यात बारीक दांडी शिवलेले ग्लोव्हज पण मिळतात, ती दांडी हँडलला आकड्यासारखी अडकते आणि बोटांवरचा भार कमी होतो. ज्यांची कोपरं दुखतात त्यांच्यासाठी चांगली वस्तू. शिकणाऱ्याने लांब राहावं. शिकताना पडताना हँडल सोडता येणं हेच पहिलं काम आहे, आणि हे ग्लोव्ह हात चिकटवून ठेवतात.

वेटसूट, खान्देशात?

"मामा, ४५ डिग्रीत रबराचा सूट?" बरोबर आहे प्रश्न. मेमध्ये आपल्याकडं काठावर पाच मिनिटं चेन लावून उभं राहिलात तर चक्कर येईल, तेव्हा पूर्ण सूट घालूच नका. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे या. पाण्यावर वाफ दिसते, पाणी हवेपेक्षा कोमट असतं, पाण्यात असेपर्यंत बरं वाटतं आणि बोटीत बसलं की वारा लागून दात वाजतात. तिथं २ मिलीमीटरचा हाफ सूट किंवा ३/२ चा फुल, म्हणजे छाती-पाठीला ३ आणि हातापायाला २ मिलीमीटर. त्याहून जाड घेतला तर आपल्याकडं शिजाल आणि हातही वर होणार नाहीत.

मोठा सूट घेणं ही इथंही तीच चूक. सूट आत शिरलेल्या पाण्याचा पातळ थर अंगाने गरम करून धरून ठेवतो, सैल असेल तर प्रत्येक पडण्याला नवीन गार पाणी आत आणि गरम बाहेर. कोरड्या अंगाने घालताना दम लागला पाहिजे, पाठीच्या खोलगट भागात आणि काखेत हवा राहायला नको. उभं राहून दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढं करा, कमरेत वाका. गळा आवळला किंवा खांदे ओढले तर तो सूट तुमच्या मापाचा नाही.

आता एक गोष्ट जी कुणी मोकळेपणाने बोलत नाही. उन्हाळ्यातही नुसत्या बर्म्युडावर किंवा साध्या स्विमसूटवर स्की करू नका, कमीत कमी निओप्रीनची, म्हणजे वेटसूटच्या त्याच रबराची, शॉर्ट घाला. वेगात पाय फाकून बसल्यासारखं पडलं की पाणी जोराने शरीरात आत शिरतं, गुदद्वारातून, बायकांना योनीतून, आणि त्याने आत खरोखर गंभीर इजा होतात. मुली शिकायला आल्या की आम्ही ही गोष्ट आधी सांगतो, लाजत नाही.

सूट तरंगतो म्हणून लाइफ जॅकेट नको, असं एक जण म्हणाला होता. सूट थोडासा तरंगवतो, बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्यावर ठेवत नाही. स्पर्धेतले लोक घालतात ती बारीक बनियनसारखी जॅकेटं पण बहुतेक मारापासून वाचवायला असतात, त्यांच्यावर जीव टाकू नका.

सामान पाण्यात कमी आणि पत्र्याखाली जास्त मरतं

माझा पहिला चांगला बूट स्कीवर खराब झाला नाही. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत झाला, एका मे महिन्यात. जूनमध्ये काढला तर सोलचा डिंक सुटून रबर केळीच्या सालीसारखं लोंबत होतं. गाडीची डिक्की तशीच. सगळं साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, ग्लोव्हज आतून बाहेर उलटे करून, आणि घरात पलंगाखाली ठेवा, उंदीर लागणार नाही एवढं बघून. सूट तारेच्या हँगरला खांद्यावर टांगू नका, ओल्या वजनाने खांदे ताणतात, कमरेत दुमडून जाड दांडीवर टाका. नखाने चीर पडली तर लगेच निओप्रीनच्या डिंकाने चिकटवा, शिवायला बसू नका, सुईची भोकं वाढत जातात.

सेकंड हँड घेताना पण हेच बघा. फोटोत सगळे बूट नवे दिसतात. रबराची कड बोटाने दुमडा, केसासारख्या बारीक चिरा दिसल्या की ते उन्हात पडलेलं आहे, कितीही स्वस्त दिलं तरी राहू द्या.

भाच्याचा बूट परत गेला, एक नंबर लहान आला. परवा पुन्हा कॉल. घामाघूम, पंखा फुल, स्प्रेची बाटली शेजारी.

"मामा, लय आवळू राहिला."

"टोचतो का कुठं?"

जरा वेळ पाय हलवून बघितला. "नाही. नुसता आवळतो."

"टाच उचलून दाखव."

उचलली नाही गेली.

"मग डबा फेकून दे," म्हटलं, "आता परत नाही पाठवायचा."