शॉर्टफिल्म ब्लॅक अँड व्हाइट की कलर? आधी हे करून बघा

फोनचा कॅमेरा मोनोवर (म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट मोडवर) टाका आणि लोकेशनवर नुसतं फिरून या. गिरगावातल्या चाळीचा जिना, गजांतून आत येणारं दुपारचं ऊन असं काही असेल तर ब्लॅक अँड व्हाइट जमेल. पण लालबागच्या विसर्जनाचा गुलाल शूट करताय तर प्लीज कलरच ठेवा, राखाडी गुलाल म्हणजे नुसती धूळ वाटते.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते कपड्यांत. लाल साडी आणि हिरवी भिंत डोळ्याला एकदम वेगळी दिसते पण दोन्हींचा उजळपणा सारखा असला की मोनोमध्ये सगळं एकच राखाडी, बाई भिंतीत गायब (माझी एक अख्खी दुपार अशीच वाया गेलीय), म्हणून कपडे रंग बघून नाही, फिकट-गडद बघून निवडा. लाईट साइडने किंवा मागून द्या, फक्त समोरून दिली की चेहरा सपाट. १९५९च्या 'कागज के फूल' सिनेमात कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी आरशांनी ऊन आत वळवून तो फेमस झोत केला होता, तुम्हाला घरातला साधा आरसा पण चालेल.

शूट मात्र कलरमध्येच करा, रंग एडिटला काढता येतो. तिथे निळा चॅनल (निळ्या रंगाचा उजळपणा कमी-जास्त करणारा स्लायडर) खाली खेचला की निळं आभाळ गडद होतं आणि पांढरे ढग मस्त उठून दिसतात. जुलैत ते विसरा, तेव्हा आपलं आभाळच राखाडी असतं.