मासा फ्रेममध्ये येण्याआधी

फ्लाय फिशिंगचं, म्हणजे नकली माशी लावून मासे धरण्याचं, चित्रीकरण मी सुरू केलं, त्या पहिल्या दिवसाच्या फुटेजमध्ये मासा होता, पण एकाही शॉटमध्ये धड नव्हता. कुठे पाण्यात निसटणारी शेपटी, कुठे तो गेल्यावर उरलेली वर्तुळं, कुठे मी घाईने कॅमेरा वळवताना आलेला झाडांचा हिरवा फराटा. सहा तास नदीत उभा होतो. वापरण्याजोगा शॉट एकच मिळाला, तोही मी बंद करायला विसरलेल्या कॅमेऱ्यात. अँगलर, म्हणजे गळाने मासे धरणारा, पाण्याकडे बघत उभा आहे, हातातला रॉड, म्हणजे गळाची काठी, खाली, आणि वीसेक सेकंद काहीही घडत नाही. मग तो मान किंचित पुढे काढतो. एवढंच. एडिट करताना तो शॉट मी तीनदा काढला आणि तीनदा परत लावला.

या कामात नव्याने येणारे बहुतेक जण एकच विचारतात, मासा उडी मारताना कसा टिपायचा? मी त्यांना आधी तो शॉट दाखवतो. काहींना कंटाळा येतो. ज्यांचे डोळे त्या माणसाच्या नजरेमागोमाग पाण्यात शिरतात, त्यांना हे काम जमेल असं मी धरून चालतो.

आधी लाइनबद्दल, म्हणजे रॉडच्या दोराबद्दल सांगतो, कारण नवख्याला भुरळ पडते ती तिचीच. मासेमारीच्या इतर प्रकारांत गळाजवळचं वजन फेकतात आणि दोर त्याच्यामागे ओढला जातो. फ्लाय फिशिंगमध्ये गळाभोवती पिसं आणि धागा गुंडाळून कीटकासारखी बनवलेली माशी असते, आणि तिचं वजन नसल्यासारखंच. साधारण १८०० वर्षांपूर्वीच्या एका वर्णनात मॅसिडोनियातले लोक गळावर लाल लोकर आणि कोंबड्याची दोन पिसं बांधून ठिपकेदार मासे धरत असल्याचा उल्लेख आहे. आजची माशी तिच्यापासून फार दूर गेलेली नाही. इतकी हलकी वस्तू लांब फेकता येत नाही, म्हणून फेकायची ती जड लाइन. माशी तिच्या टोकाला बसून जाते. लाइन मागे जाते, हवेत सरळ होते, आणि मगच हात पुढे येतो. या जाण्यायेण्यात हवेत जो वळसा तयार होऊन उलगडत जातो, तो लूप.

लूप डोळ्यांना दिसतो तसा कॅमेऱ्याला आपोआप दिसत नाही. मागे आकाश आलं की लाइन त्यात विरघळते. मागे सावलीतली झाडी किंवा काळा कातळ हवा, ऊन बाजूने किंवा पलीकडून यायला हवं, आणि आपण लाइनच्या रेषेला काटकोनात हवं. उभं राहायचं ते ज्या हातात रॉड नाही त्या अंगाला. दुसऱ्याच दिवशी मी चुकीच्या अंगाला उभा होतो. माशी टोपीत रुतली, कानापासून दोन बोटांवर. टोपी आणि चष्मा आधी घ्या, लेन्स नंतर. सेकंदाला १०० फ्रेमने घेतलेला कास्ट, म्हणजे लाइनची फेक, २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर चौपट संथ होतो आणि सुंदर दिसतो, पण एका फिल्ममध्ये असे दोन पुरेत. सगळंच संथ केलं की नदी पाकासारखी वाहू लागते.

पहिले दोन हंगाम मी ज्यांच्याबरोबर काढले ते अँगलर वयाने माझ्या दुप्पट होते. पहिल्या सकाळी म्हणाले, "कॅमेरा बॅगेत ठेव. अर्धा तास नुसतं बघ, आणि मासा कुठे असेल ते मला सांग." मी डोहाच्या मधोमध बोट दाखवलं, तिथलं पाणी खोल आणि निळं होतं म्हणून. ते हसले. आम्ही ज्याच्या मागे असतो त्या माशाला, ट्राउटला, कमी कष्टात पोट भरायचं असतं. वेगवान धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातात त्या शिवेवर तो राहतो. मोठ्या गोट्याच्या पुढे किंवा मागे, किंवा पोखरलेल्या काठाच्या खाली. वाहत आलेला किडा जरा अंग वळवून तोंडात घेता येईल अशी जागा. पाण्यावर फेसाची रेघ जिथून जाते, तिथून अन्नही जातं. हे कळल्यावर माझा कॅमेरा माशामागे धावायचा थांबला. फ्रेम आधी लावायची, फोकस शिवेवर ठेवायचा आणि थांबायचं. हल्ली बऱ्याच कॅमेऱ्यांत प्री-रेकॉर्डची सोय असते, बटण दाबण्याआधीचे काही सेकंदही जतन होतात. ती नसती तर मी केव्हाच लग्नाचे व्हिडिओ काढायला गेलो असतो.

लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर पाण्यावरची चमक कापतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती कधी कापू नये हे शिकायला मला अख्खा हंगाम लागला. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून बघितलं की या फिल्टरचा परिणाम सर्वांत जास्त असतो. म्हणून काठावर अगदी खाली बसल्यावर नुसती चकाकी दिसते, आणि चार पावलं उंचवट्यावर चढलं की तोच मासा तळावरच्या आपल्या सावलीसकट उघडा पडतो. पण मासा वर येऊन किडा टिपतो तेव्हाची वर्तुळं आपल्याला दिसतात ती त्या चमकेमुळेच. ती पूर्ण कापली की वर्तुळंही फिकी पडतात. मासा दाखवायचा असेल तर फिल्टर पूर्ण फिरवा; तो उठल्याची खूण दाखवायची असेल तर थोडा मागे आणा. शिवाय हा फिल्टर दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). संध्याकाळी घळीत उतरलात की सरळ काढून खिशात टाका.

उंचवट्याचा एक तोटा आहे. मासाही आपल्याला बघत असतो, फक्त गोल खिडकीतून. पाण्याखालून वर बघताना बाहेरचं सगळं जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूत आवळलं जातं; त्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा तळच दाखवतो. अर्धा मीटर खोल असलेल्या माशासाठी ही खिडकी एक मीटरहून थोडी जास्त रुंद असते. क्षितिजालगतच्या बुटक्या गोष्टी तिच्या कडेला चेपून जातात, म्हणून वाकून बसलेला माणूस खपतो, उंच केलेला ट्रायपॉड खपत नाही. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून असतो, तेव्हा जवळ जायचं ते मागून, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगाने. आणि सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. तुमचीही नाही, ड्रोनचीही नाही.

आता मला सर्वांत आवडणारा शॉट. त्यात मासा पकडला जात नाही. माशी पाण्यावर पडते, प्रवाहाच्या वेगाने येते, खालून एक तपकिरी आकृती तिरकी वर चढते, माशीच्या खाली येऊन तिच्याबरोबर मागे मागे वाहते, नाक जवळजवळ लावते, आणि वळून खाली जाते. बहुतेक वेळा कारण एकच, लाइन वेगळ्या वेगाच्या धारेवर पडलेली असते आणि माशीला किंचित ओढते. याला ड्रॅग म्हणतात. खरा किडा असा ओढला जात नाही, हे माशाला कळतं. प्रेक्षकाला ड्रॅग हा शब्द माहीत असायची गरज नाही. नकार त्याला बरोबर कळतो. मी असे नकार साठवून ठेवतो. मासा हातात आल्याचे शॉट एकमेकांसारखे दिसतात, नकार प्रत्येक वेळी वेगळा असतो.

किड्यांसाठी वेगळा दिवस ठेवा. मेफ्लाय पाण्याखाली अळीच्या रूपात बहुधा वर्षभर काढते आणि पंख फुटल्यावर काही तास, फार तर एकदोन दिवस जगते. तिला खाण्यायोग्य तोंडही उरत नाही. पंख फुटल्यावर ती आणखी एकदा कात टाकते, हे इतर कीटकांत आढळत नाही. पाण्यावर एकदम हजारो मेफ्लाय उठतात तेव्हा अँगलरला रॉड सुचतो आणि तुम्हाला काहीच सुचत नाही. अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स आधीच लावून ठेवलेली बरी.

आवाजात मी सर्वांत जास्त मार खाल्लाय. नदी सुंदर वाजते हा समज जागेवर असेपर्यंतच टिकतो. रेकॉर्डिंगमध्ये खळाळ म्हणजे सलग फस्स, टीव्हीचा सिग्नल गेल्यासारखा, आणि माणसाचा आवाज त्यात बुडतो. कॅमेऱ्यावरच्या माइकवर विसंबू नका. कॉलर माइक अँगलरच्या छातीशी लावा, त्यावर केसाळ कव्हर घाला, आणि बोलायचं ते शक्यतो संथ डोहाजवळ. नदीचा आवाज वेगळा घ्या. धारेपासून दूर, एखाद्या दगडाच्या पोकळीजवळ, जिथे पाणी गुळगुळ करतं, तिथला थेंबाथेंबाचा आवाज एडिटमध्ये नदीसारखा वाटतो. खऱ्या नदीचा वाटत नाही, काय करणार. लाइन गुंडाळायच्या रीलची कुरकुर, ओल्या बोटांतून लाइन सरकल्याचा आवाज, वाळूवरची पावलं, हे सगळं दिवस संपल्यावर अर्धा तास बसून पुन्हा रेकॉर्ड करतो.

माझ्या हातून घडलेली एक गोष्ट मी प्रत्येक नवख्याला सांगतो. दुसऱ्या हंगामात एक मोठा ब्राउन ट्राउट आला. माझ्या त्या अँगलरनी तो जाळ्यात, पाण्यातच ठेवला होता. मी म्हणालो, "एकदा वर उचला ना." उचलला. फोकस चुकला. "एकदाच अजून." पुन्हा उचलला, तेव्हा ढग आला. तिसऱ्यांदाही मी मागितलं आणि ते माझ्याखातर तयार झाले. सोडल्यावर मासा कुशीवर कलला. ते कमरेएवढ्या पाण्यात त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरून उभे राहिले, दहा मिनिटं तरी. शेवटी तो गेला. पुढे जगला की नाही ते पाणीच जाणे. दिवसभर ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

घरी येऊन वाचलं. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन प्रयोगात दमवलेल्या रेनबो ट्राउटपैकी पाण्यातच ठेवलेले १२ टक्के मासे मेले. ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के, आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी ७२ टक्के. मी मागितलेल्या तीन उचलण्या मिळून किती सेकंद झाले ते फुटेजमध्ये टाइमकोडसकट आहे.

तेव्हापासूनचा माझा नियम असा. मासा पाण्यात, जाळं रबराचं, हात ओले, गळ टोकाजवळच्या उलट्या काट्याशिवायचा. उचलायचा तो एकदाच, पाणी निथळतंय तोवर, दोनतीन सेकंद. शॉट चुकला तर चुकला. त्याऐवजी कॅमेरा पाण्याच्या पातळीला आणा, अर्धी लेन्स पाण्याखाली जाईल असा. मासा सुटताना शेपटीने पाणी ढवळतो तो शॉट हातात धरलेल्या माशाच्या शॉटपेक्षा दसपट चांगला असतो, हे कळल्यावर तर मला माझ्याच जुन्या हट्टाचं हसू येतं. पाण्याचं तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की चित्रीकरण बंद. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी, आणि दमलेल्या ट्राउटला तो जास्त लागतो. माझ्या बॅगेत थर्मामीटर असतो, बॅटऱ्यांच्याच कप्प्यात.

ब्राउन ट्राउट शरद ऋतूच्या सुमारास खडीत अंडी घालतात. तळावर आजूबाजूपेक्षा स्वच्छ, फिकट दिसणारा खडीचा चट्टा असेल तर त्यावर पाय किंवा ट्रायपॉड ठेवायचा नाही. एका नदीतून दुसरीत जाताना सगळं सामान धुऊन पूर्ण वाळवायचं. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं आणि २००८ साली नमद्याच्या तळव्याचे बूट वापरायला तिथे बंदी आली, कारण नमदा ओला राहतो आणि शेवाळ वाहून नेतो. बूट लोक धुतात. ट्रायपॉडच्या पायांच्या नळ्यांत पाणी साचतं, ते कोणी बघत नाही.

जागेचं नाव सांगायचं नाही, हाही व्यवसायाचाच भाग समजा. तुम्हाला नदीवर नेणारा माणूस वर्षानुवर्षं शोधलेला डोह तुमच्या हवाली करत असतो. नाव गाळलं तरी मागचं ओळखीचं शिखर, पूल, रस्त्याची पाटी फ्रेममध्ये राहिली की झालं. मी एडिटच्या शेवटी एकदा आवाज बंद करून फक्त पार्श्वभूमी बघतो.

काम कसं मिळतं? सुरुवातीला ओझी वाहून. एखाद्या जुन्या कॅमेरामनबरोबर किंवा गाइडबरोबर जा. बॅग उचला, बॅटऱ्या सुक्या ठेवा. स्वतः कास्ट करायला शिका, वाईट का होईना. हात पुढे कधी येणार हे अंगात भिनल्याशिवाय कॅमेरा वेळेवर वळत नाही. वाहत्या पाण्यात चालणंही शिकावं लागतं. वेडर्सचा, म्हणजे पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीचा, पट्टा घट्ट, हातात काठी, पाय घासत घासत, आणि गुडघ्यावरच्या पाण्यात बॅगेचा छातीवरचा पट्टा सुटा, म्हणजे पडलात तर बॅग जाईल, तुम्ही नाही.

माझ्याकडे मदतनीस म्हणून यायचं असेल तर निवडक शॉट जोडलेली झगमगीत शोरील पाठवू नका. एकच डोह, एकच फ्रेम, न कापलेली दोन मिनिटं पाठवा. त्यात मासा नसला तरी चालेल. पण तो शॉट बघून मासा कुठे असेल ते मला दाखवता आलं पाहिजे.