ट्यूब बास अँप्लिफायर निवडताना या चुका टाळा

दिवाळी संपली की पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत गावोगाव मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात, रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा हंगाम सुरू होतो, आणि तो ओसरतो न ओसरतो तोच एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम येतात. या मंचांवर बास गिटार वाजवणारे तरुण मला विचारतात की ट्यूब अँप घ्यायचा आहे, तर किती वॉटचा घ्यावा. मी त्यांना उलट विचारतो, की ज्या गावांत वाजवता तिथे रात्री नऊ वाजता लाईन किती व्होल्टची असते? बहुतेकांनी ती कधी मोजलेलीच नसते. ट्यूब अँपच्या निवडीतील सर्वांत महाग पडणारी चूक माझ्या मते हीच आहे.

व्होल्टेज न मोजता अँप घेणे

ट्यूब अँपमध्ये सूर मोठा करणाऱ्या काचेच्या नळीला ट्यूब किंवा व्हॉल्व्ह म्हणतात. प्रत्येक व्हॉल्व्हच्या पोटात त्याला तापवणारा हीटर असतो आणि तो साधारणपणे ६.३ व्होल्टवर चालावा अशी त्याची रचना असते. त्यात दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. जुन्या पद्धतीच्या अँपमध्ये हे व्होल्टेज लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून थेट येते, त्यामुळे लाईन जितकी खाली जाईल तितकेच तेही खाली जाते. उन्हाळी धानाचे पंप सुरू असताना डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, लांब असलेल्या मंडपात २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही, आणि तसे झाले की हीटरला जेमतेम ५.२ व्होल्ट मिळतात. व्हॉल्व्ह पुरेसा तापत नाही, सूर दबलेला आणि बोथट येतो, वादक आवाज वाढवत जातो आणि दोष अँपला देतो. हेच पुष्कळ दिवस चालले तर व्हॉल्व्हचे आयुष्यही घटते. आजचे हलके ट्रान्झिस्टर अँप बहुधा स्विचिंग पद्धतीच्या वीजपुरवठ्यावर चालतात आणि त्यांतील अनेक अँप असा उतार सहज पचवतात. बहुतेक ट्यूब अँपना ती सोय नसते. म्हणून ट्यूब अँपच्या खर्चात व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या चांगल्या सर्व्हो स्टॅबिलायझरचा खर्च पहिल्याच दिवशी धरावा, आणि तो परवडत नसेल तर एक आकार लहान अँप घ्यावा.

उलट दिशेचा धोका याहून मोठा आहे. मंडपाची वायरिंग तीन फेजची असते, आणि तिच्यातील न्यूट्रल सैल झाला तर एखाद्या फेजवर ४०० व्होल्टच्या जवळपास दाब चढू शकतो. एका गावी मंचावरच्या बोर्डात मी सवयीने मीटरच्या पिना घातल्या आणि काटा ३०० च्या पुढे गेला. त्याच वेळी मंडपाच्या एका बाजूचे दिवे नको इतके प्रखर आणि दुसऱ्या बाजूचे मंद झालेले दिसत होते. बिछायतवाल्यांच्या माणसाने न्यूट्रलची जोडणी घट्ट केली आणि दहा मिनिटांत सर्व ठीक झाले. काही शे रुपयांच्या मल्टिमीटरने त्या रात्री माझा अँप वाचवला. जनरेटरवर वाजवायचे असेल तर आधी दिवे आणि पंखे सुरू करायला लावून मगच व्होल्टेज मोजावे, कारण रिकाम्या जनरेटरचा आकडा फसवा असतो.

परदेशातून आणलेला किंवा जुना विकत घेतलेला अँप १२० व्होल्टचा असेल तर केवळ स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून प्रश्न पूर्ण सुटत नाही. अमेरिकेतील वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० हर्ट्झची असल्यामुळे त्याच व्होल्टेजला ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर सुमारे वीस टक्के अधिक चुंबकीय भार येतो आणि तो जास्त तापतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही जास्तीची उष्णता किती महागात पडेल हे सांगायला नको. मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असे छापलेले पाहूनच व्यवहार करावा.

हम, म्हणजे सततचा घुमणारा आवाज, येतो म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याची सवय मात्र कृपा करून आजच सोडावी. बासच्या तारा अँपच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. अर्थ नसलेल्या अँपमध्ये बिघाड झाला आणि तारांवर हात ठेवून वादकाने माइकला ओठ लावला, तर विजेला वाट मिळते ती त्याच्या देहातून. हम घालवायचा असेल तर बासचा सूर थेट साउंडवाल्यांच्या मिक्सरला देणाऱ्या डीआय बॉक्सवरील ग्राउंड लिफ्टचे बटण वापरावे, आणि मंचाच्या लाईनवर विजेची गळती होताच लाईन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा.

वॉटचा मोह

अँपेग या अमेरिकी कंपनीचा एसव्हीटी हा बास अँप १९६९ साली आला तेव्हा ३०० वॉट हा बाससाठी अचंबित करणारा आकडा होता. आजही अनेकांच्या मनात खरा बास अँप म्हणजे तोच, आणि त्याचा सूर मलाही मनापासून आवडतो. परंतु त्या घराण्यातील हेड, म्हणजे स्पीकरविना नुसता अँप, ३६ ते ३९ किलोच्या आसपास भरते, आणि दहा-इंची आठ स्पीकरांची जी पेटी त्याच्यासोबत शोभते ती ६० किलोहून जड असते. ते वजन उगाच नसते. बासच्या चार तारांतील सर्वांत खालचा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा, म्हणजे गिटारच्या खालच्या सुराच्या निम्म्या कंपनांचा असतो, आणि तेवढेच व्होल्टेज निम्म्या कंपनसंख्येला वाहून नेण्यासाठी आउटपुट ट्रान्सफॉर्मरला दुप्पट चुंबकीय भार सोसावा लागतो. म्हणून त्यात लोखंड जास्त लागते. गिटारच्या ट्यूब अँपवर बास लावला की सूर लवकर फाटू लागतो त्याचे एक कारण हेच आहे, आणि गिटारचे स्पीकरही त्यात जायबंदी होतात.

आता वॉटचा हिशेब पाहू. शक्ती दुप्पट केली तर केवळ ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. याचा अर्थ १०० वॉटवरून ३०० वॉटवर गेल्याने जेमतेम ५ डेसिबल पदरात पडतात. एका वॉटला ३ डेसिबल अधिक आवाज देणारा स्पीकर निवडला तर यातील मोठा भाग वजन न वाढवताच मिळतो. गावच्या मैदानातील हजार-दोन हजार प्रेक्षकांपर्यंत बास पोहोचवण्याचे काम तसेही साउंडवाल्यांच्या मोठ्या पेट्या करतात. अँप वादकाला आणि ढोलकीवाल्याला ऐकू आला पाहिजे, आणि त्याने साउंडवाल्यांना चांगला सूर दिला पाहिजे. एवढ्यासाठी ५० ते १०० वॉटचा ट्यूब अँप आणि एक चांगली पेटी बहुतेक मंचांवर पुरते, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे.

पेटीवर ‘ट्यूब’ लिहिले म्हणजे ट्यूब अँप नव्हे

अनेक अँपमध्ये सुरुवातीच्या टप्प्यात १२एएक्स७ हा एखादा लहान व्हॉल्व्ह असतो आणि पुढचे सारे काम ट्रान्झिस्टर करतात. असा संकरित अँप वाईट नसतो. आपल्या रस्त्यांसाठी आणि लाईनसाठी मी तो पुष्कळांना सुचवतो. पण पॉवर व्हॉल्व्ह आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर यांच्यामुळे जोरात वाजवताना जो दाटपणा येतो तो त्याच्याकडून तसाच मिळेल अशी अपेक्षा धरून पैसे मोजू नयेत. मागच्या जाळीतून ६५५०, केटी८८, ६एल६ किंवा ईएल३४ यांसारखे मोठे व्हॉल्व्ह दिसतात का, हे पाहावे.

स्पीकर न जोडता अँप सुरू करणे

ट्रान्झिस्टर अँपला स्पीकर जोडला नाही तर सहसा काही बिघडत नाही. त्याला भीती असते ती फार कमी ओहमच्या, म्हणजे फार कमी विद्युतरोधाच्या, स्पीकरची. ट्यूब अँपचे बरोबर उलटे आहे. स्पीकर नसताना त्यात सूर वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये फार उंच व्होल्टेज उसळते, त्याच्या गुंडाळ्यांमधील आवरण फुटते आणि व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्ये ठिणगी पडून तेही जळते. म्हणून आधी स्पीकरची वायर आणि मग विजेचा प्लग, हा क्रम कधीही मोडू नये. गिटारची बारीक केबल स्पीकरला जोडणे हीसुद्धा याच जातीची चूक आहे, कारण ती तापून मध्येच तुटली तर अँप चालू असतानाच भाराविना राहतो. ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या तर ४ ओहम होतात, तेव्हा मागचा स्विचही ४ वर असला पाहिजे.

ध्वनिमुद्रणासाठी वेगळा विचार न करणे

मंचासाठी घेतलेला मोठा अँप ध्वनिमुद्रणातही तितकाच उपयोगी पडेल असे समजणे स्वाभाविक आहे, पण तसे होत नाही. त्याचा खरा रंग ज्या आवाजाला खुलतो त्या आवाजाला दहा बाय बाराच्या खोलीतील दारे-खिडक्या थरथरू लागतात आणि माइकमध्ये खोलीच अधिक येते. १९६० साली आलेला अँपेगचा बी-१५ हा पंधरा इंची एकच स्पीकर असलेला लहान अँप स्टुडिओंत इतका रुळला, तो थोड्या आवाजातच भरीव वाजतो म्हणून. आणि ज्यांच्या बासने कित्येक पिढ्यांना शिकवले त्या जेम्स जेमर्सन यांचा सूर मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत बहुतांशी थेट मिक्सिंग कन्सोलमध्येच घेतला जाई. म्हणून बास आणि अँप यांच्यामध्ये डीआय बॉक्स ठेवून स्वच्छ सूर वेगळ्या ट्रॅकवर नेहमी घ्यावा, आणि अँपसमोरचा माइक दुसऱ्या ट्रॅकवर. माइक स्पीकरपासून ३० सेंटिमीटरवर असेल तर त्याचा आवाज सुमारे ०.९ मिलिसेकंद उशिरा येतो आणि दोन्ही ट्रॅक मिसळताच ५७० हर्ट्झच्या आसपासचा भाग पोकळ होतो. मिसळण्यापूर्वी माइकचा ट्रॅक तेवढाच अलीकडे, म्हणजे तेवढा आधी सुरू होईल असा, सरकवला की गेलेला भरीवपणा परत येतो. रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून स्पीकर काढून केवळ लाईन आउटवरून मुद्रण करायचे असेल तर त्या अँपला स्पीकरच्या जागी भार घेणारा, योग्य ताकदीचा लोड बॉक्स जोडलाच पाहिजे.

बिघाड ओळखताना होणाऱ्या चुका

व्हॉल्व्हमधील हीटरचा नारिंगी उजेड हा नेहमीचा असतो. मात्र आतील करड्या धातूची प्लेटच लाल होऊ लागली तर गाणे अर्ध्यावर सोडून अँप ताबडतोब बंद करावा. बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधील प्रवाह आवरणारे व्होल्टेज, बिघडला आहे किंवा व्हॉल्व्ह संपला आहे असा त्याचा अर्थ, आणि आणखी काही मिनिटांत ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. फ्यूज उडाला म्हणून त्याहून मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद घालणे म्हणजे फ्यूजने थांबवलेले नुकसान हाताने आत सोडणे होय. तेवढ्याच अँपिअरचा आणि त्याच प्रकारचा एक नवा फ्यूज घालून पाहावा, तोही उडाला तर त्या रात्री डीआय बॉक्समधून थेट वाजवावे.

हमचा स्वर ऐकण्याची सवय लावून घ्यावी. खोल, ५० हर्ट्झचा गुंजारव बहुधा अर्थिंगकडे किंवा हीटरच्या वायरिंगकडे बोट दाखवतो, तर त्याहून एक सप्तक वरचा १०० हर्ट्झचा खरखरीत हम वीजपुरवठा गुळगुळीत करणारे फिल्टर कपॅसिटर थकल्याचे सुचवतो. हे कपॅसिटर उष्णतेने लवकर थकतात, म्हणून मे महिन्यात अँपची मागची जाळी धुळीच्या भीतीने कापडाने झाकू नये. ते प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट साठवून ठेवू शकतात; ज्याला ते सुरक्षितपणे रिकामे करता येत नाहीत त्याने अँप उघडू नये. अँप किणकिणत किंवा शिट्टी घालत असेल तर आवाज कमी ठेवून लहान व्हॉल्व्हवर पेन्सिलीच्या टोकाने हलकेच टिचकी मारावी. ज्याची टिचकी स्पीकरमधून घंटेसारखी ऐकू येते तो बदलायचा.

आज व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन या देशांत बनतात आणि तालुक्याच्या गावी ते मिळण्याची आशा नसते. पॉवर व्हॉल्व्हचा एक जुळवलेला संच, दोन १२एएक्स७ आणि पाच फ्यूज मी हंगाम सुरू होण्यापूर्वीच मागवून ठेवतो, आणि कार्यक्रम संपल्यावर अँप वीस मिनिटे थंड होईपर्यंत त्याला गाडीत चढवत नाही, कारण तापलेला व्हॉल्व्ह वडशापासून पुढच्या कच्च्या रस्त्याचा पहिला खड्डाही सहन करीलच असे नाही.