गेस्ट वायफाय नावालाच वेगळं? दुकानवाल्यांनो, या चुका टाळा

नागपुरात सीताबर्डीतलं कपड्याचं दुकान घ्या नाहीतर धरमपेठेतलं कॅफे, सगळीकडे एकच प्रकार सुरू आहे. राऊटरमध्ये 'गेस्ट' नावाचं दुसरं वायफाय चालू केलं की मालकाला वाटते झालं काम. पण नाव वेगळं म्हणजे नेटवर्क वेगळं असं नाही ना भाऊ!

आधी टेस्ट करा. मोबाइल डेटा बंद करून फोन गेस्टला जोडा आणि ब्राउझरमध्ये तुमच्या कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचा (रेकॉर्डिंगच्या डब्याचा) लोकल पत्ता टाका, म्हणजे १९२.१६८.१.६४ असा जो काही असेल तो. लॉगिन पान उघडलं तर तुमचं गेस्ट नावालाच आहे, गिऱ्हाईक बिलिंगच्या कॉम्प्युटरपर्यंतही पोचू शकते. मग सेटिंगमध्ये गेस्टला लोकल नेटवर्क वापरू द्यायचं का असा एक पर्याय असतो त्यावरची टिक काढा, बऱ्याचदा तेवढ्यानंच भागते.

नाही भागलं तर राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे आधीच्याच नेटवर्कचं वायफाय नुसतं पुढं पसरवणाऱ्या मोडमध्ये, आहे का बघा. या मोडमध्ये बऱ्याच स्वस्त राऊटरचं गेस्ट वेगळं राहतच नाही, तिथं व्हीलॅन, म्हणजे एकाच वायरवर दोन वेगळी नेटवर्क करायची सोय, लागते.

सगळ्यात जास्त घोळ दुसरा राऊटर आणून होतो. लोक काय करतात, दुकानाचं स्वतःचं काम नेट कंपनीच्या मोडेमवर ठेवतात आणि त्याच्या मागे नवा राऊटर लावून तो गिऱ्हाइकांना देतात, दिसायला बरोबर, पण आहे उलटं. मागच्या राऊटरवरून पुढच्या नेटवर्कमध्ये जाता येते, पुढून मागे सहसा येता येत नाही, म्हणून गेस्ट मोडेमवर ठेवा आणि बिलिंग, प्रिंटर, डीव्हीआर स्वतःच्या राऊटरमागे घ्या. या राऊटरचा पत्ता बदलून १९२.१६८.५०.१ असा काही ठेवा, मोडेम आणि राऊटर दोघांचा सारखा असला तर नेट चालणारच नाही. हो, पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंत यायची मोडेममधली वाट) घरून कॅमेरे पाहत असाल तर ते बंद पडेल, नव्यानं सेट करावं लागेल.

आता नेहमीची तक्रार, "सकाळी चालते, संध्याकाळी कनेक्टच होत नाही." काहून? आयपी, म्हणजे राऊटर प्रत्येक फोनला देतो ते पत्ते, संपले. समजा पूलमध्ये (पत्त्यांच्या साठ्यात) १०० पत्ते आणि लीज, म्हणजे पत्ता राखून ठेवायची मुदत, २४ तासांची, म्हणजे सकाळी पाच मिनिटं येऊन गेलेल्या माणसाचा पत्ताही उद्यापर्यंत अडकलेला. लीज एक-दोन तासांवर आणा. मॅक फिल्टरच्या, म्हणजे फोनच्या मॅक पत्त्यावरून (त्याच्या वायफायच्या ओळख क्रमांकावरून) कोणाला जोडू द्यायचं ते ठरवायच्या, भानगडीत पडू नका, आताचे फोन मॅक पत्ता बदलून दाखवतात.

स्पीडची मर्यादाही लावा बाप्पा, नाहीतर शनिवारी संध्याकाळी कोणी सिनेमा डाउनलोड करत बसते आणि काउंटरवर यूपीआय फिरत राहते.

पासवर्ड भिंतीवर चिकटवला तर चालते, पण तो फक्त गेस्टचा, आणि महिन्याला बदला. राऊटरच्या सेटिंगचं मूळ अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन लॉगिन मात्र आजच बदला.

आणि तो राऊटर डेझर्ट कूलरच्या मागे ठेवू नका, पत्रा आणि पाणी दोन्ही सिग्नल खातात. मे महिन्यात पत्र्याच्या छताखालीही नको, ४५ डिग्रीत तो आपोआप रिस्टार्ट व्हायला लागला की लोक उगाच नेट कंपनीला फोन लावतात.