ट्रेलर जोडण्याआधी गाडीचं ऐका

ट्रेलर किंवा कॅम्पर (राहायची सोय असलेला ट्रेलर) ओढायचं ठरलं की बहुतेक जण आधी हिच, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडायची जोडणी, शोधायला लागतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, खरेदीला हात घालण्याआधी चालकाकडचं दार उघडा. बऱ्याच गाड्यांत दाराच्या चौकटीवर एक लेबल असतं, नाहीतर गाडीच्या पुस्तिकेत सापडतं. माणसं आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल, ते तिथे लिहिलेलं असतं. ओढण्याच्या क्षमतेचा आकडा जाहिरातीत ठळक दिसतो, पण बहुतेकांची गाडी अडते ती या लेबलवरच्या आकड्यापाशी.

हिशेब करून बघा. समजा लेबलवर ५५० किलो आहे. चार माणसं २८० किलो, डिकीतलं सामान ६०, हिच २५. उरले १८५. आता १८०० किलोच्या ट्रेलरचा दांडा गाडीच्या मागच्या टोकावर १२ टक्के भार टाकत असेल, तर तो झाला २१६ किलो. पुस्तिकेत २३०० किलो ओढण्याची क्षमता लिहिलेली असली तरी ही जोडी जमत नाही. एक तर सामान कमी करा, नाहीतर ट्रेलर लहान घ्या. कुठलीही जोडवस्तू बसवून लेबलवरचा आकडा वाढत नाही, मागे जादा स्प्रिंग किंवा सस्पेन्शनच्या एअरबॅग घातल्या तरीही नाही. त्यांनी गाडी समतल दिसते, इतकंच.

म्हणून ट्रेलर प्रवासाला निघताना असेल तसा पूर्ण भरा आणि काट्यावर न्या. कागदावरचं रिकामं वजन धरून चालू नका. टाकीतलं १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. गॅसचे सिलिंडर, बॅटरी, भांडी, खुर्च्या हे सगळं मोजलं गेलं पाहिजे. दांड्यावरचा भार वेगळा मोजा. अमेरिकी पद्धतीच्या ट्रेलरला तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के धरतात, युरोपातल्या कारवानला साधारण ५ ते ७. तुमच्या गाडीच्या आणि ट्रेलरच्या पुस्तिकेत जी मर्यादा असेल ती पाळा. भार कमी पडला तर वेग वाढताच ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. जास्त झाला तर गाडीचं मागचं अंग बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड जाते. जड सामान ॲक्सलच्या आसपास, थोडं पुढच्या बाजूला आणि जमिनीलगत ठेवलं की निम्मा प्रश्न सुटतो.

हे आकडे हातात आले की हिच निवडणं सोपं. रिसीव्हर (गाडीखालची चौकोनी खोबण), बॉल माउंट (तिच्यात बसणारा तुकडा), त्यावरचा बॉल, कपलर (बॉलवर बसणारं दांड्याचं टोक) या प्रत्येकावर स्वतःची मर्यादा कोरलेली किंवा छापलेली असते. त्यातली सगळ्यात लहान मर्यादा तीच तुमची मर्यादा. बॉलचा आकार कपलरवर लिहिलेला असतो. अमेरिकी मापांत १ ७/८, २ आणि २ ५/१६ इंच, तर युरोपात ५० मिलिमीटर. २ ५/१६ इंची कपलर २ इंची बॉलवर बसल्यासारखा वाटतो, पण पहिल्या मोठ्या खड्ड्यात निसटू शकतो.

कपलरचा खटका लागला की मी अजूनही थांबतो. दांड्याचा जॅक फिरवून पुढचं टोक वर उचलतो आणि गाडीचं मागचं अंग त्याच्याबरोबर उचललं जातं का ते बघतो. ही सवय एका संध्याकाळी लागली. अंधार पडत होता, घाई होती, खटक्याचा आवाज आला म्हणून निघालो. कपलर बॉलवर नुसता टेकला होता. पहिल्याच गतिरोधकावर तो उडाला. ट्रेलर गाडीला बांधणाऱ्या दोन्ही सुरक्षा साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन अडकवलेल्या होत्या, म्हणून दांडा रस्त्यावर न आदळता त्यांच्या झोळीत पडला. साखळ्या सरळ लावू नका, आणि वळणावर ताणल्या जाणार नाहीत इतक्याच सैल ठेवा. ब्रेकअवेची तार साखळीला किंवा बॉल माउंटला न लावता गाडीच्या पक्क्या भागाला वेगळी अडकवा. हिच सुटली तर ट्रेलरचे ब्रेक लावणारी तीच असते.

वायरिंगमध्ये ४ पिनचा प्लग फक्त दिव्यांपुरता. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर सहसा ७ पिनचा लागतो आणि गाडीत ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर लागतो. कंट्रोलर घेताना गाडी जितक्या जोरात थांबते तितकाच जोर ट्रेलरला देणारा, म्हणजे प्रपोर्शनल, घ्या. ठरावीक जोर देणारा स्वस्त असतो, पण उतारावर फरक जाणवतो. ट्रेलर गाडीपेक्षा रुंद असेल तर जादा आरसे हवेतच.

ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या बाजूवरच्या तारखेच्या कोडचे शेवटचे चार अंक वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी रबराला चिरा असतील तर बदला. हवा थंड टायरमध्ये भरा, स्टेपनीतही.

कॅम्परसाठी चाकाखालच्या पाचरी आणि समतल करायचे ठोकळे आधी घ्या. पाचरी लावल्याशिवाय कपलर सोडू नका. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा, सांडपाण्याचा वेगळा, आणि नळाला प्रेशर रेग्युलेटर. कॅम्पिंगच्या तळावरच्या नळाचा दाब जास्त असला की कॅम्परच्या आतले सांधे गळतात आणि ते भिंतीमागे असल्याने उशिरा कळतं. वीज जोडण्याआधी सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारा) लावा. गॅस गळती कळवणारा अलार्म हवा, आणि दाराजवळ अग्निशामक.

शेवटची वस्तू टॉर्क पाना, म्हणजे नट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना. चाक बसवल्यावर ८० ते १६० किलोमीटरच्या आत थांबून नट पुन्हा आवळा. त्याच थांब्यावर प्रत्येक चाकाच्या हबजवळ (मधल्या भागाजवळ) हात न्या. एखादा बाकीच्यांपेक्षा खूपच तापला असेल तर बेअरिंग कोरडं पडलंय किंवा ब्रेक अडकलाय. तो बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.