चुन्याच्या निवळीचा जोर कसा तपासावा?

प्रवाळ असलेल्या समुद्री टाकीत कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलण्याची क्षमता) दोन्ही रोज खर्च होतात. बाष्प होऊन उडालेल्या पाण्याच्या जागी चुन्याची निवळी, म्हणजे चुना विरघळवलेलं स्वच्छ पाणी, सोडली की दोन्हींची भरपाई एकदम होते. पण पूर्ण जोराची निवळी आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने अर्धी मेलेली निवळी शेजारी-शेजारी ठेवली, तर डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. तुम्ही मापून रोज तेवढीच निवळी सोडत राहता आणि टाकीतली अल्कलिनिटी मात्र घसरत जाते. म्हणून निवळी मोजायलाच हवी.

बहुतेकांचा हात आधी पीएच मीटरकडे जातो. त्याचा इथे फारसा उपयोग नाही. २५ अंश सेल्सियसला संपृक्त, म्हणजे विरघळेल तेवढा सगळा चुना असलेल्या पूर्ण जोराच्या, निवळीचा पीएच साधारण १२.४५ असतो. जोर निम्म्यावर आला तरी तो फक्त ०.३ ने उतरतो, आणि एवढ्या वरच्या पीएचला घरगुती इलेक्ट्रोड तेवढी चूक सहज करतो. खरं काम होतं कंडक्टिव्हिटी मीटरने, कारण निवळीची विद्युतवाहकता तिच्यात विरघळलेल्या चुन्याच्या जवळपास प्रमाणात वाढते. संपृक्त निवळीचं वाचन २५ अंशांना सुमारे १०.३ मिलीसीमेन्स प्रति सेंटिमीटर येतं. मीटर घेताना त्याची मर्यादा बघा. फक्त पिण्याचं पाणी तपासण्यासाठी केलेले बरेच छोटे मीटर या आकड्याच्या खूप आधीच थांबतात.

आधी तुलनेसाठी पूर्ण जोराचा नमुना बनवा. चष्मा आणि हातमोजे घालूनच चुन्याला हात लावा. डोळ्यात थेंब गेला तर लगेच भरपूर पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. मग झाकण घट्ट बसणारी बाटली घ्या. त्यात एक लिटर शुद्ध आरओ-डीआय पाणी (गाळून जवळपास सगळे क्षार काढलेलं) आणि दोन ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विझवलेला चुना, टाका. लिटरभर पाण्यात विरघळतो जेमतेम दीड ग्रॅम, पण थोडा जास्त असला की निवळी नक्की संपृक्त होते. बाटली काठोकाठ भरलेली असू द्या, म्हणजे आत हवा कमी राहील. नीट हलवा आणि रात्रभर निवळू द्या.

आता मोजणी. मीटर १२.८८ मिलीसीमेन्सच्या प्रमाण द्रावणावर जुळवून घ्या. हे द्रावण निवळीच्या आकड्याच्या जवळचं आहे, म्हणून तेच बरं. आधी साध्या आरओ-डीआय पाण्याचं वाचन घ्या. ते शून्याजवळ नसेल तर पाण्यातले क्षार निवळीचा आकडा फुगवतील. मग वरची स्वच्छ निवळी तळ न ढवळता काढा, तिचं तापमान २५ अंशांच्या आसपास येऊ द्या आणि वाचन नोंदवा. त्यानंतर तीच निवळी आणि आरओ-डीआय पाणी समसमान मिसळून पुन्हा मोजा. आकडा पाचच्या जरा वर येईल. तीन भाग निवळी आणि एक भाग पाणी असंही मोजून ठेवा. ही तुमच्या मीटरची स्वतःची पट्टी झाली. छापील तक्त्यापेक्षा माझा हिच्यावर जास्त विश्वास आहे, कारण मीटर थोडा चुकत असला तरी तो दोन्हीकडे सारखाच चुकतो.

यापुढे साठवणीच्या टाकीतली निवळी मोजताना नमुना मधल्या थरातून घ्या. पृष्ठभागावर काचेच्या पापुद्र्यासारखी पातळ साय दिसेल. बोट लावलं तर तिचे तुकडे होतात. ते कॅल्शियम कार्बोनेट आहे. ही साय मोडू नका, कारण ती खालच्या निवळीला हवेपासून थोडं राखते. टाकीत सतत हवा सोडणारा किंवा पाणी ढवळत राहणारा पंप असेल तर जोर झपाट्याने उतरतो. म्हणून पहिला आठवडा रोज मोजा. आपल्या मांडणीत निवळी किती दिवस टिकते हे कळलं की मग दर भरणीला एकदा पुरे. निवळीत व्हिनेगर मिसळत असाल तर मात्र ही पट्टी लागू पडत नाही.

कंडक्टिव्हिटी मीटर नसेल तर टाकीसाठी वापरता तोच अल्कलिनिटीचा किट चालतो. १० मिली स्वच्छ निवळी ९० मिली आरओ-डीआय पाण्यात मिसळा आणि लगेच तपासा. पूर्ण जोराची असेल तर साधारण ११.४ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक) येईल, साडेपाच-सहा आलं तर जोर निम्मा. नमुना गढूळ असेल तर तरंगणारं कार्बोनेटही आम्लाशी मिळून आकड्यात धरलं जातं, म्हणून आधी निवळू द्या किंवा कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळून घ्या.

जोर कमी निघाला म्हणून एकदम जास्त निवळी ओतू नका. ताजी बनवा, थेंबाथेंबाने सोडा आणि टाकीचा पीएच ८.५ च्या वर जाऊ देऊ नका. तळाचा गाळ टाकीत जाता कामा नये, चुन्यातली बरीच अशुद्धता त्यातच बसलेली असते. मोजून झालं की मीटरचा प्रोब व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवा आणि आरओ-डीआय पाण्याने धुवा, नाहीतर त्यावर कार्बोनेटचा थर चढेल आणि पुढचं वाचन खोटं येईल.